आमच्या दारावरची नाल

बैलाला पाडावं लागतं, घोड्याला विचारावं लागतं. आमच्या धंद्याचा हा पहिला धडा. आजोबांनी वडिलांना दिला, वडिलांनी मला. मी तो कुणाला द्यायचा ते मात्र ठरत नाही, कारण माझा मुलगा दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला आहे आणि दुचाकीला काही विचारावं लागत नाही.

मी नालबंद. आडनाव तेच आणि धंदाही तोच, त्यामुळं ओळख करून द्यायला सोपं जातं. जनावराच्या पायात लोखंड ठोकायचं, हे आमचं काम. नवखी माणसं पहिल्यांदा विचारतात, "त्याला दुखत नाही का हो?" मी त्यांना त्यांचं स्वतःचं नख बघायला सांगतो. घोड्याची टाप म्हणजे एक मोठं नखच. बाहेरच्या कडेत खिळा गेला तर घोड्याला पत्ता लागत नाही. जरासा आत गेला तर नालबंदाला लगेच पत्ता लागतो, कारण तोवर तो चार हात लांब जाऊन पडलेला असतो. माझा डावा गुडघा अजून थंडीत त्याची आठवण काढतो.

बैलाचं काम वेगळं. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की बिद्रीकडचे गाडीवान बैल घेऊन यायचे. बैलाचा खूर मधे फाटलेला, म्हणून त्याला एकेका पायात दोन-दोन पत्र्या. दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, मानेवर एक माणूस बसवायचा आणि काम उरकायचं. बैल डोळे वटारून बघतो, पण करतो काय! घोडा तसा पाडता येत नाही. तो तीन पायांवर उभा राहून चौथा तुमच्या मांडीत देतो, तेव्हाच काम होतं. नाही दिला तर तुम्ही तालमीत कितीही घुमला असलात तरी उपयोग नाही.

आमच्या घराण्याची आणखी एक रीत होती, आणि तिच्यापायी आम्ही भरपूर चेष्टा सोसली. गिऱ्हाइकाच्या घोड्यावर बसायचं नाही. बाकीचे नालबंद काम झालं की घोड्यावर टांग टाकून एक चक्कर मारतात. नाल नीट बसली की नाही ते चालीवरून कळतं. आम्ही लगाम धरून शेजारून चालायचो. अगदी समोरच्या हौदापर्यंत न्यायचा असला तरी चालतच. टांगेवाले हसायचे. "काय नालबंद, वर बसल्यावर घोडा चावतो व्हय?" लहानपणी मी वडिलांना कारण विचारलं, तर ते म्हणाले, "आज्यानं सांगितलंय." आज्याला विचारलं, तर तो म्हणाला, "उस्तादानं सांगितलंय." उस्ताद केव्हाच मातीआड झाला होता. मग रीत पाळायची आणि गप्प बसायचं, एवढंच माझ्या हातात उरलं.

हा उस्ताद म्हणजे एक गोरा माणूस होता. संस्थानच्या पागेत घोड्यांना नाल मारायचा. आजोबा पोरसवदा असताना त्याच्या हाताखाली लागले आणि त्याच्याकडूनच कसब शिकले. विल्यमसाहेब म्हणायचे त्याला. आजोबांच्या तोंडून मी त्याच्या इतक्या गोष्टी ऐकल्या आहेत, की तो माझ्याही ओळखीचा वाटतो. लाल दाढी, हातभर रुंद मनगट, लिहिणं-वाचणं अजिबात नाही. मराठी बोलायचा ती आमच्या पागेतली, म्हणजे चारचौघांत सांगण्यासारखी नव्हे. तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून खायचा आणि घाम पुसत आणखी मागायचा.

मुंबईहून तो आला तो एक करडी घोडी घेऊन. आगगाडीतून उतरला आणि पागेपर्यंत तिची दोरी धरून चालत आला. पुढंही त्या घोडीवर तो कधी बसला नाही. संध्याकाळी तिला पंचगंगेवर न्यायचा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि तिच्याबरोबर काठच्या चिखलात तासभर उभा राहायचा. घाटावरच्या बायका म्हणायच्या, "साहेब घोडी म्हशीगत भिजत घालतोय." घोडी म्हातारी होऊन मेली तेव्हा त्यानं तिच्या पुढच्या पायाची एक नाल काढली आणि आजोबांना दिली. तुझं शिक्षण झालं, असा त्याचा अर्थ. पुढं साथीत तोही गेला. आजोबांनी त्याला खांदा दिला होता, पण नंतर मातीवर दगड बसवायला कुणी नव्हतं.

ती नाल आमच्या घराच्या चौकटीवर ठोकलेली होती. दर ईदच्या आधी दाराला रंग लागायचा, तेव्हा नालेलाही चंदेरी रंगाचा एक हात मिळायचा. थरावर थर बसून ती गोल, गुबगुबीत झाली होती. चौकट बुटकी, म्हणून घरात शिरणारा प्रत्येक जण तिच्याखाली वाकतो. त्यामुळं आमच्या घरी सगळेच पाहुणे नम्र.

ह्या नालेवर डोळा ठेवणाराही एक भेटला होता. टांगे गेले, रिक्षा आल्या, आणि पुढं पुढं आमच्याकडं घोड्यांपेक्षा शनीची साडेसाती लागलेली माणसं जास्त यायला लागली. त्यांना काळ्या घोड्याची नाल हवी असायची, अंगठी करून बोटात घालायला. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले गाडीतून उतरले आणि म्हणाले, "काळ्या घोड्याचीच पायजे. मागच्या उजव्या पायाची. आणि घोड्यानं आपसूक टाकल्याली."

मी म्हणालो, "घोड्याची सही बी आणू का?"

त्यांनी वर बघितलं. "मग ही द्या की. जुनी दिसतीया."

"ती करड्या घोडीची हाय. आणि ती द्यायची न्हाय."

ते रागानं निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बोटात अंगठी होती म्हणे. कोल्हापुरात काळे घोडे किती आणि अशा अंगठ्या किती, ह्याचा हिशेब शनिमहाराजांनीच करावा. पण आमच्या चौकटीवरची ती गोल वस्तू मी त्या दिवशी बघितली, रोज बघत होतो, आणि तरी बघितलीच नव्हती, हे मला कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. तेच सांगायला आज बसलो आहे.

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, ओळखीचा रिक्षावाला दारात येऊन उभा राहिला. "मामा, पावणं आणलंय. ह्यांना घोडेवालं जुनं मानूस पायजे. गोऱ्यांची दफनभूमी झाली, म्युझियम झालं, आता तुमीच राह्यलाय."

त्याच्यामागून एक उंच म्हातारी गोरी बाई काठी टेकत आली, आमच्या चौकटीखाली वाकली आणि आत आली. ऐंशीच्या जवळ आलेली, एकटी. नाव मार्गारेट. माझी सून शबाना शाळेत इंग्रजी शिकवते आणि रविवार असल्यामुळं घरी होती, हे नशीब. नाहीतर मी तिला नाल दाखवली असती आणि तिनं मला पासपोर्ट, आणि संपलं असतं. माझ्या बायकोनं, जैतूननं, चहा टाकला. पुढचं सगळं बोलणं शबानाच्या तोंडून झालं.

मार्गारेटबाई ऑस्ट्रेलियाच्या. त्यांचे पणजोबा जॉब हे मूळचे इंग्लंडमधल्या एका खेड्यातले, नालबंदाच्या हाताखालचे. त्यांनी गावच्या जमीनदाराचा घोडा चोरला आणि जत्रेत विकला. सापडले. शिक्षा झाली जन्मठेप, समुद्रापलीकडं. आपल्याकडची माणसं अंदमानला धाडायचे, तशी त्यांची स्वतःची माणसं ते ऑस्ट्रेलियाला धाडायचे. काळं पाणी गोऱ्यांनाही होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी शबानाला म्हणालो, "खरंच चोरलाता का, का उगंच आळ?"

शबानानं विचारलं. बाई हसल्या. शबाना म्हणाली, "त्या म्हणतात, खरंच चोरला होता. पहिल्या तीन पिढ्यांना त्याची लाज वाटायची. आता तिकडं ज्याच्या घरात असा एखादा चोर असतो, तो कौतुकानं सांगतो."

जैतून म्हणाली, "आमच्यात असता तर रेशनकार्डावरनं नाव काढलं असतं."

जॉबची बायको हॅना तान्हं पोर घेऊन गावात राहिली. लोक तिला म्हणाले, तो मेला असं समज आणि दुसरं घर कर. तिनं लोकांचे कपडे धुतले, अर्ज केले, आणि काही वर्षांनी पोराला घेऊन जहाजात बसली. तोवर जॉबनं पायात बेड्या घालून रस्ते फोडले होते. मग सुटका झाली आणि त्यानं तिथंच नालबंदीचं दुकान घातलं. त्या मातीत आणखी मुलं झाली. त्यातलं शेंडेफळ म्हणजे विल. पण जॉब रस्त्यानं निघाला की शेजारी तबेल्याला कुलूप लावायचे. म्हणून त्यानं स्वतःपुरता एक नियम केला.

शबाना इथं थांबली. माझ्याकडं बघायला लागली. "अब्बा, त्या म्हणतात, जॉब गिऱ्हाइकाच्या घोड्यावर कधी बसत नव्हता. पाण्याला न्यायचा असला तरी दोरी धरून चालत जायचा. पोरांनाही त्यानं तेच शिकवलं. चोराला लोकांच्या घोड्यावर बसलेला कुणी बघू नये म्हणून."

माझ्या हातातली बशी कलंडली. जन्मभर टांगेवाल्यांचे टोमणे ज्या रीतीपायी खाल्ले, तिचं कारण असं दुपारी चहाच्या वेळी घरात चालत आलं होतं. मी म्हणालो, "तिला सांग, पोरी. त्यांचा विल म्हणजे आमचा विल्यमसाहेब. माझ्या आज्याचा उस्ताद."

बाईंनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग त्या ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांनी सांगितलं, आणि माझा आनंद तिथल्या तिथं विरला.

विल तरुणपणी घोड्यांच्या एका तांड्याबरोबर जहाजानं हिंदुस्थानात आला होता. तिकडचे घोडे इकडच्या पलटणींना आणि संस्थानांना विकले जायचे. तांडा मुंबईला उतरला, आणि त्याच दिवशी विल नाहीसा झाला. बरोबर एक करडी घोडीही नाहीशी झाली. तांड्याच्या मुकादमानं परत जाऊन मालकाला सांगितलं, घोडेचोराच्या पोरानं घोडी पळवली, कोल्हापूर नावाच्या संस्थानाकडं गेला म्हणतात. गावभर झालं. खाण तशी माती. जॉबनं मान खाली घालून जे काही धुऊन काढलं होतं, ते एका दिवसात पुन्हा अंगावर आलं. त्यानं दुकान बंद केलं आणि पुढं तो फारसा बोललाच नाही.

घरातली पोरं दंगा करायला लागली की बाईंची आजी म्हणायची, "असाच वागलास तर कोल्हापूरला जाशील." आमच्या गावाचं नाव सातासमुद्रापार धाक घालायला वापरलं जात होतं. एरवी मी ह्यावर पोट धरून हसलो असतो.

जॉब आणि हॅनाच्या थडग्यावर त्यांच्या सगळ्या मुलांची नावं कोरलेली आहेत. विलची जागा कोरी आहे. जॉबनंच ती सोडायला सांगितली होती. मार्गारेटबाईंचे थोरले भाऊ आर्थर आता नव्वदीच्या पुढं आहेत, अंथरुणाला खिळलेले. मरायच्या आत त्यांना ती जागा भरायची आहे. पण ते म्हणतात, खोटं कोरायचं नाही. विल चोर असेल तर जागा कोरीच राहू दे, तसा त्याच्या बापाचा, जॉबचा, शब्द होता. नसेल तर त्याचं नाव तिथं पाहिजे. म्हणून बहीण ह्या वयात एकटी निघाली होती. एवढंच विचारायला, की विलनं ती घोडी चोरली का?

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला तर करड्या घोडीची सगळी कथा तोंडपाठ. मुंबईहून तो आला तो घोडी घेऊन. तिच्यावर कधी बसला नाही, म्हणजे ती आपली नव्हे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या तोंडात उत्तर होतं आणि ते वाईट होतं.

मी म्हणालो, "बाईंना सांग, उद्या दुपारी या. मला नीट आठवू द्या."

त्या गेल्यावर जैतूननं मला धारेवर धरलं. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं होतं. मी म्हणालो, "त्या म्हाताऱ्याला जाता जाता कशाला दुखवायचं? सांगतो, घोडीबिडी काय नव्हती."

"ती बाई एवढा समुद्र ओलांडून आली हाय," जैतून म्हणाली. "ती काय लबाडी ऐकाय आली व्हय? खरं हाय ते सांगा. गोड वाटंल असं सांगा, पण खरं सांगा."

वाईट बातमी गोड कशी सांगायची ते तिनं काही सांगितलं नाही. उस्तादाचं मीठ आमची तिसरी पिढी खात होती. त्यानं शिकवलेल्या हातावर माझं घर उभं राहिलं, मुलगा शिकला, आणि त्याला चोर ठरवायचं काम माझ्याच वाट्याला आलं होतं. फार वाईट वाटलं मला.

सकाळी दूध आणायला निघालो. डोक्यात हेच घोळत होतं. जन्मभर ज्या चौकटीखाली वाकलो, तिथं त्या दिवशी वाकायचं विसरलो. कपाळ नालेवर असं आपटलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी कपाळ चोळत वर बघितलं. नाल दिसली. गोल.

नाल गोल नसते. नाल पाठीमागं उघडी असते, पोरंसोरंही चित्रात तशीच काढतात. ही पाठीमागून बंद होती. मी दुधाची किटली तिथंच ठेवली, आतून सुरी आणली, स्टुलावर चढलो आणि रंग खरवडायला लागलो. थर निघत गेले. मागं लोखंडाची आडवी पट्टी लागली, आणि तिच्यातून आत वळलेली जीभ. मी स्टुलावरच बसलो. जैतून धावत आली. तिला वाटलं, मला चक्कर आली.

दुपारी मार्गारेटबाई आल्या तेव्हा मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. त्यांना तिथंच बसवलं आणि शाळेतून अर्धी रजा काढून आलेल्या शबानाला म्हणालो, "आता मी सांगतो ते हळूहळू सांग. घाई करू नको."

ते इथंही सांगतो. जहाजात घोड्याला आडवं होता येत नाही. आठवडेच्या आठवडे तो अरुंद खणात, हलत्या फळ्यांवर उभा असतो. कधी कधी त्यानं पुढच्या टापांच्या आत जळजळ सुरू होते. आतलं हाड सुटतं आणि खाली सरकायला लागतं. मग घोड्याला पाऊल टेकवत नाही. तो मागं रेलून टाचांवर उभा राहतो, आणि तोंडावर घाम येतो. असा घोडा कुणी विकत घेत नाही. पलटणीचा असो की व्यापाऱ्याचा, त्याला एक गोळी ठरलेली. पण एखादा हट्टी नालबंद असला, तर तो त्याला बंद नाल घालतो. तिची पट्टी टापेच्या मधल्या मऊ भागाला खालून आधार देते, म्हणजे हाडावरचा भार हलका होतो. त्याला थंड चिखलात उभा करतो, रोज, महिनोन् महिने. त्याच्यावर कुणाला बसू देत नाही, स्वतःही बसत नाही. बहुतेक घोडे तरीही वाचत नाहीत.

"ही बंद नाल हाय," मी वर बोट दाखवलं. "ती घोडी मुंबईत उतरली ती लंगडी. तिला चोरून कोण काय करणार? चोराला पळणारा घोडा लागतो. आगगाडीत घालून, हातानं चालवत न्यावी लागणारी घोडी चोरून न्यायची म्हणजे चोरानं बैठ्या म्हशीवर बसून पळण्यागत झालं."

शबाना सांगत होती. बाई नालेकडं बघत होत्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं. शबाना म्हणाली, "त्या विचारतायत, मग मुकादमानं तसं का सांगितलं?"

"त्याच्या ताब्यातली घोडी जहाजात खराब झालती. मालकानं त्यालाच धरलं असतं. चोरीला गेली म्हटलं की सुटला. पण हा माझा अंदाज हाय, बाई. विलनं विचारून नेली का न विचारता, ते मला ठाऊक न्हाय. नेली हे खरं. मारायला काढलेली नेली, हेही खरं."

बाई काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसल्या. शेवटी शबानानं त्यांचं बोलणं सांगितलं: "जॉबनं धडधाकट घोडा चोरून विकला. विलनं लंगडी घोडी नेली आणि जन्मभर सांभाळली. ह्या दोन्हीला मी एकच शब्द वापरणार नाही."

मग त्यांनी मोबाईल काढला आणि भावाला लावला. पडद्यावर उशीला टेकलेला एक हडकुळा म्हातारा दिसला. आमच्या आजोबांनी सांगितलेली दाढी त्याला नव्हती, पण मनगट तेच, रुंद. बहिणीनं त्याला सगळं सांगितलं. त्याला कमी ऐकू येत होतं, त्यामुळं दोनदा सांगितलं. तो डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं, झोपला. मग त्यानं एकच प्रश्न विचारला.

शबानानं तो मला सांगितला. "अब्बा, ते विचारतायत, ती घोडी पुढं चालली का?"

आज्यानं सांगितलं होतं, ती चालत नदीवर जायची. पण साक्षीला आता आजाही नव्हता आणि उस्तादही नव्हता. मला वाटलं, ह्या माणसाला ऐकीव गोष्ट देऊ नये. मी उठलो, कितीतरी वर्षं न उघडलेली हत्यारांची पिशवी काढली, पकडीनं चौकटीचे खिळे उपसले आणि नाल उतरवली. उरलेला रंग कानशीनं घासला. खालून लोखंड उघडं पडलं. मग मी नाल मोबाईलच्या पुढं धरली आणि तिची पुढची कड दाखवली. ती भाकरीच्या कडेइतकी पातळ झाली होती.

"त्यांना सांग. दुखऱ्या पायाचा घोडा टाचेवर चालतो, त्याची नाल मागं झिजते. ही पुढं झिजलीया. नीट पाऊल टाकणाऱ्या घोड्यागत. आणि नुसत्या उभ्या जनावराची नाल झिजतच न्हाय. चालली की. लई चालली."

शबानानं सांगितलं. म्हातारा हसायला लागला, मग खोकायला लागला, मग डोळे पुसायला लागला. एक परिचारिका धावत आली. तिला हातानं बाजूला सारून तो बहिणीला दोनच शब्द म्हणाला. ते मलाही कळले, पण शबानानं सांगितले, "ते म्हणाले, नाव कोरा."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. जैतून आत निघून गेली आणि भांडी वाजवत बसली. ती रडताना असंच करते.

निघताना मी नाल बाईंच्या हातात दिली. त्या घेईनात. म्हणाल्या, ती तुमच्या घराची आहे. मी म्हणालो, "उस्तादाची वस्तू उस्तादाच्या घरी जाऊ दे. आमच्याकडं त्याची रीत हाय, ती काय तुमी बॅगेत घालून नेऊ शकत न्हाय." विमानतळावर त्या लोखंडापायी त्यांची बॅग दोनदा उघडायला लावली म्हणे. घोडेचोराची पणती म्हणून नव्हे, एवढंच समाधान.

रीत मात्र माझ्याबरोबर जाणार, ह्याचं वाईट वाटतं. कुणाच्या तरी घोड्याशेजारून चालत जाणारा आमच्यातला शेवटचा माणूस मीच. मुलगा म्हणतो, गिऱ्हाइकाची दुचाकी चालवून बघितल्याशिवाय बिघाड कळत नाही. त्याचंही खरं आहे.

चौकटीवर आता नालेच्या आकाराचं उघडं लाकूड दिसतं. ईदला रंगारी म्हणाला, तिथं हात मारून टाकतो, कळणार नाही. जैतून म्हणाली, राहू दे.

परवा शबानाच्या मोबाईलवर थडग्याचा फोटो आला. आर्थर तो बघून गेले, असं बाईंनी कळवलं आहे. जुन्या झिजलेल्या नावांच्या खाली नवी कोरीव अक्षरं लखलखीत दिसत होती. मी शबानाला म्हणालो, वाच. तिनं वाचलं. विल्यम. नालबंद. कोल्हापूर.

आता तिकडची पोरं दंगा करायला लागली, तर त्यांना कुठं जाशील म्हणून भीती घालायची, ते त्यांचं त्यांनी बघावं.